लाकडाशी सबुरी, माणसाशी घाई



धर्मग्राम कार्यालयाच्या मागच्या खोलीत खिडकीजवळ एक टेबल आहे आणि गेली दोन वर्षे त्यावर एक जुनी चादर पांघरलेली असते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. चादरीखाली काय आहे याविषयीचे निरनिराळे तर्क माझ्या कानावर आले. कोणी म्हणाले, फादर नाताळच्या गव्हाणीची तयारी करत आहेत. कोणी म्हणाले, नव्या सभागृहाचा नमुना तयार होतो आहे आणि लवकरच वर्गणीची पावतीपुस्तके निघणार आहेत. हा दुसरा तर्क ऐकल्यावर मात्र खुलासा करणे मला भाग आहे. चादरीखाली एक लाकडी जहाज आहे. दोन फूट लांबीचे, दोन डोलकाठ्यांचे आणि अर्धवट. वर्गणीची गरज नाही.

आपल्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ मालवाहू जहाजावर नोकरीला आहेत. युरोपातल्या एका बंदरातून येताना त्यांनी हे खोके माझ्यासाठी आणले. म्हणाले, "फादर, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकता. संध्याकाळी डोक्याला जरा आराम." खोक्यावर जहाजाचे देखणे चित्र होते, शेजारी पिकल्या केसांचे हसरे गृहस्थ होते आणि खाली 'नवशिक्यांसाठी' असे लिहिले होते. खोके उघडले तर आत जहाजासारखे काहीच नव्हते. लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या जुड्या, प्लायचा एक तक्ता, पितळेचे बारीक खिळे, दोऱ्याची रिळे आणि मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या वस्तूंची एक पुडी. सूचनांचे पुस्तक चार भाषांत होते आणि प्रत्येक भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेतून घाईने उतरवल्यासारखा होता. बाराव्या आकृतीखाली 'मागील आकृती पाहा' असे लिहिले होते. मागे अकरावी आकृती नव्हतीच.

त्या रात्री मी एका खऱ्या जहाजाच्या गोष्टीने स्वतःचे समाधान करून घेतले. इंग्रजांच्या आरमाराने 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधून घ्यायचे ठरवले होते. तिचे आराखडे ज्या जहाजातून मुंबईला येत होते ते 'जावा' नावाचे जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले आणि आराखडेही त्याच्याबरोबर गेले. पुन्हा नवे आराखडे आले, जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागवानातून ती नौका बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे उभी आहे. जमशेटजींनी दुसऱ्या आराखड्यांची वाट पाहिली, तर मी अकराव्या आकृतीशिवाय कसे तरी निभावून नेईन, असे मनाशी म्हटले. जमशेटजींना जहाज बांधता येत होते, हा फरक मी त्या रात्री विचारात घेतला नाही.

अशी जहाजे कशी बांधतात ते थोडक्यात सांगतो. आधी प्लायचा एक लांब तुकडा घ्यायचा. हा जहाजाचा कणा, म्हणजे मराठीत पठाण. त्याला आडव्या खाचा असतात. त्या खाचांत बरगड्या बसवायच्या. मग बरगड्यांवर एकेक पट्टी वाकवून, डिंक लावून, खिळ्याने टोचून बसवायची. खरी मेख इथेच आहे. जहाज मधे रुंद आणि पुढे नाळेकडे निमुळते, पण पट्टी मात्र सरळ. म्हणून प्रत्येक पट्टी पुढे तासून बारीक करावी लागते, नाहीतर नाळेपाशी पट्ट्यांची गर्दी होते आणि त्या एकमेकींच्या अंगावर चढतात. आपल्याकडे सणाच्या दिवशी मिस्सा सुटल्यावर दारात जे होते तेच.

पट्टी वाकवण्यासाठी ती आधी पाण्यात भिजवायची आणि मग उष्णता द्यायची. मी घरची इस्त्री वापरली. पट्टी मोडली, पण इस्त्रीला डिंक लागला आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्या पांढऱ्या झग्यावर उतरला. चिकटवलेली पट्टी सुकेपर्यंत दाबून धरायला चिमटे लागतात, म्हणून मी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणले. त्या दुपारी वारा सुटला आणि आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना धुतलेले टेबलक्लॉथ चिकूच्या झाडावरून काढावे लागले. तेव्हापासून त्या रोज विचारतात, "काय फादर, आज तरंगलं की बुडालं?"

पंखा हा वेगळाच प्रश्न आहे. मे महिन्यात पंखा लावला तर पट्ट्या उडतात, बंद केला तर घामाचे थेंब नेमके डिंकावर पडतात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची हवा इतकी दमट होते की फेव्हिकॉल सुकायचे नाव घेत नाही आणि लाकूड फुगते. जूनमध्ये नीट बसलेला डेक ऑगस्टमध्ये पोटातून वर आला. कंटाळून मी फेविक्विककडे वळलो. ते लाकडाला चिकटण्याआधी माझ्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटले. कोणी तरी सांगितले की नखांचा रंग काढायचे द्रव लावले की ते सुटते, कारण त्यात ॲसिटोन असते. ती माहिती खरी आहे. पण धर्मगुरूने दुकानात जाऊन, दोन बोटे जुळलेल्या अवस्थेत, नेलपॉलिश रिमूव्हर मागणे म्हणजे काय, हे ज्याने मागितले त्यालाच कळेल.

सगळ्यात कठीण काम दोरांचे. डोलकाठी सरळ उभी राहावी म्हणून तिला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात. मागचा दोर ताणला की काठी मागे झुकते आणि बाजूचे सैल पडतात. पुढचा ताणावा तर काठी पुढे झुकते. कौटुंबिक वाद मिटवताना मला हा अनुभव पूर्वीच आला होता. एका पक्षाची समजूत पटली की दुसरा सैल पडतो. शिवाय खलाशांना वर चढण्यासाठी त्या दोरांनाच आडव्या दोऱ्यांच्या शिड्या असतात आणि तिथे प्रत्येक ठिकाणी एक गाठ. पहिल्या शिडीच्या एकशे ऐंशी गाठी मी मोजल्या, मग मोजणे सोडून दिले. लाकडाला इच्छा नसते, असे आम्हांला गुरुविद्यालयात शिकवले होते. शिकवणाऱ्यांनी कधी जहाज बांधले नसावे.

सांगाडा पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आले की जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा जाड झाली आहे. यावरही इतिहासात दिलासा आहे. स्वीडनच्या राजाने बांधलेली 'वासा' नावाची भव्य युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासाला निघाली आणि स्टॉकहोमच्या बंदरातच, दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाली. १९६१ साली ती वर काढण्यात आली. तिची मोजमापे घेतली तेव्हा दिसले की तिच्याही दोन बाजू सारख्या नाहीत. आत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काहींवर फूट बारा इंचांचा होता, काहींवर अकरा इंचांचा. राजाच्या कारागिरांची ही गत, तर मी कोण?

हळूहळू खोक्यातले सामान संपत गेले, मोडत गेले, हरवत गेले. चिमट्यातून उडालेला तुकडा जमिनीवर पडतो, पण जमिनीवर सापडत मात्र नाही. मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी आइस्क्रीमच्या काड्या आल्या, एका आडव्या काठीच्या जागी बांबूची काडी आली. तेव्हा मला तत्त्वज्ञानाच्या वर्गातले एक जुने जहाज आठवले. ग्रीक लेखक प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सचे लोक थीसियस या वीराचे जहाज जपून ठेवत आणि कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत. कालांतराने विचारवंतांत वाद सुरू झाला, सगळ्या फळ्या बदलल्यावर हे जहाज तेच म्हणावे की दुसरे? सतराव्या शतकात टॉमस हॉब्स या इंग्रज तत्त्ववेत्त्याने त्यात भर घातली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? परीक्षेत या प्रश्नावर मी चार पाने लिहिली होती. आता चादरीखालच्या जहाजाकडे पाहताना मला वेगळाच प्रश्न पडू लागला. जहाज तेच राहिले की बदलले, हे राहू द्या. ते बांधणारा माणूस दोन वर्षांत बदलला की होता तसाच राहिला?

हा प्रश्न मला गंमत म्हणून पडला नाही. कारण सांगतो.

जहाज बांधायला घेताना माझ्या मनात एक सिद्धान्त होता. सद्गुण सवयीने येतात, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे. घरे बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसाच न्यायाची कामे करत करत तो न्यायी होतो. मी म्हटले, मग लाकडाशी सबुरीने वागत वागत माणूस सबुरीचा होईल. लोक मला तापट म्हणत नाहीत, पण मी मला ओळखतो. रोज संध्याकाळी तासभर जहाज म्हणजे सबुरीचा तासभर व्यायाम, असा माझा हिशेब होता. इतका पक्का की गेल्या वर्षी उपवासकाळातल्या एका रविवारी मी प्रवचनातही तो सांगितला. लाकडाने मला धीर धरायला शिकवले, असे मी वेदीजवळून म्हणालो. काहींना ते आवडले, तसे त्यांनी सांगितलेही.

त्याच आठवड्यात एक भगिनी मुलाच्या शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला आल्या. कार्यालयाची वेळ होती. मी मागच्या खोलीत एक वाकवलेली पट्टी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मी आतूनच म्हणालो, "जरा थांबा." त्या थांबल्या. वीस मिनिटांनी त्यांनी दारात येऊन हळूच विचारले, "फादर, उद्या येऊ का?" मी मान वर न करता म्हणालो, "एवढी घाई असेल तर उद्याच या." त्या अर्धा दिवस रजा टाकून आल्या होत्या, हे मला नंतर कळले. पट्टी मात्र उत्तम बसली.

आणि मग तो शनिवार आला. आपल्या वेदीसेवकांपैकी एक बारा वर्षांचा मुलगा दर शनिवारी मला मदत करायला यायचा. पॉलिश पेपरने पट्ट्या घासणे हे त्याचे काम. तो सावकाश काम करतो आणि फार प्रश्न विचारतो. जहाजात संडास कुठे असतो, हा प्रश्न त्याने चार वेळा विचारला. त्या दिवशी मी बाहेर गेलो असताना तो आपल्या धाकट्या बहिणीला जहाज दाखवायला घेऊन आला. त्याने चादर उचलली, चादरीचा सुटलेला धागा पुढच्या डोलकाठीत अडकला आणि काठी मधोमध मोडली. मी दारात पोचलो तो नेमका त्याच क्षणी.

मी जे बोललो ते सगळे इथे लिहीत नाही. "तुझ्यामुळे माझे सहा महिने पाण्यात गेले" आणि "पुन्हा या खोलीत पाऊल टाकू नकोस" ही दोन वाक्ये त्यात होती. आवाज एवढा चढला होता की मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. लहान मुलगी रडू लागली. मुलगा रडला नाही. त्याने चादरीची व्यवस्थित घडी घातली, ती खुर्चीवर ठेवली, बहिणीचा हात धरला आणि तो निघून गेला.

त्याच रात्री मी डोलकाठी दुरुस्त केली. दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडले, आत पितळेची टाचणी घातली, डिंक लावला आणि सांध्यावर दोरा गुंडाळला. खऱ्या जहाजांच्या डोलकाठ्यांवरही असे दोरांचे वेढे असत, त्यामुळे मोडलेली जागा मुळीच दिसत नाही. घड्याळात पाहिले, चाळीस मिनिटे लागली होती. मुलगा त्यानंतर तीन शनिवार आला नाही. वेदीसेवेच्या यादीत त्याचे नाव होते, पण तो रविवारीही वेदीवर दिसला नाही. आईबरोबर मागच्या बाकावर बसून, मिस्सा संपताच निघून जायचा.

तेव्हा मी ॲरिस्टॉटल पुन्हा उघडला. माझा सिद्धान्त त्याच्याच पुस्तकात खोडून ठेवलेला होता, मी तो भाग घाईत वाचला होता. कारागिरी आणि सद्गुण यांत तो स्पष्ट फरक करतो. वस्तू चांगली झाली की कारागिरीचे काम संपले. ती करताना कारागिराचे मन कसे होते, हे कोणी विचारत नाही. सद्गुणात मात्र करणाऱ्याचे मनच विचारले जाते. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या सुताराने शिकाऊ मुलाला दाखवण्यासाठी मुद्दाम वाकडी फळी कापली, तर सुतार म्हणून तो कमी ठरत नाही. उलट नकळत चुकणाऱ्यापेक्षा तो वरचढच. पण जाणूनबुजून कठोर बोलणारा माणूस 'मला प्रेमाने बोलता येते, आज फक्त बोललो नाही' असे म्हणून सुटू शकत नाही. कला काम चांगले करते, सद्गुण माणसाला चांगले करतो. संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच भेद धरला आहे. माझी डोलकाठी सरळ उभी होती. एवढ्यावरून माझ्याविषयी काहीच सिद्ध होत नव्हते.

अक्वायनस सबुरीविषयी लिहितात तेव्हा ते वाट पाहण्यापेक्षा दुःखाविषयी अधिक बोलतात. लॅटिन भाषेतला सबुरीचा शब्दच मुळी 'सोसणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. आलेल्या दुःखाने विवेक सुटू न देणे, ही त्यांच्या दृष्टीने सबुरी. आपल्या मराठीला हा भेद आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे चिकाटी आणि सोशिकपणा असे दोन निराळे शब्द आहेत. चिकाटी म्हणजे चिकटून राहणे, डिंकासारखे. सोशिकपणा म्हणजे दुसऱ्याचे सोसणे, त्याची गती, त्याची चूक, त्याचे प्रश्न. दोन वर्षे मी चिकाटी शिकत होतो आणि तिलाच सोशिकपणा समजत होतो.

दोन्हींत अंतर किती आहे ते पाहा. डिंक सुकायला सहा तास लागतात, हे मला आधीच माहीत असते. त्याला 'वाट पाहणे' म्हणतात, त्यात सोसण्यासारखे काही नाही. लाकूड उलट बोलत नाही, रडत नाही, त्याला शाळाप्रवेशाची तारीख नसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मला राग आला की मी जहाजावर चादर टाकतो आणि जेवायला जातो. माणसावर चादर टाकता येत नाही. सबुरी ज्याच्याशी धरायची तो माझ्या सोयीने थांबत नाही, तेव्हाच तिची परीक्षा होते. त्या परीक्षेला मी दोन वर्षे बसलोच नव्हतो. एका महिन्यात दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नापास झालो.

चौथ्या शनिवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आजी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिचे यजमान, म्हणजे मुलाचे आजोबा, चाळीस वर्षे मासेमारीला जात होते. मी काय घडले ते सांगितले. आजी म्हणाली, "पोर घरी काय बोललं नाय, फादर. काठी मोडली, एवढंच बोललं." मग हाताने निवडणे चालूच ठेवून ती म्हणाली, "आमची होडी एकदा खडकावर फुटली होती. हे घरी आले, तर मी होडीचं विचारलंच नाय. आमच्यात तसंच असतं. आधी माणसं मोजायची, फळ्या मागून."

ती मला बोध करत नव्हती. तिला फक्त ती रात्र आठवली होती. मला मात्र 'वासा' आठवली. त्या जहाजावर चौसष्ट तोफा होत्या, हा आकडा नक्की आहे. बुडाल्यावर सदतीस वर्षांच्या आत, पाण्यात घंटेसारखे भांडे सोडून त्यात बसणाऱ्या पाणबुड्यांनी त्यांतल्या पन्नासाहून अधिक तोफा वर काढल्या. माणसे किती बुडाली? तीसेक असावीत, असा अंदाज सांगतात. तोफांची मोजदाद पक्की, माणसांचा अंदाज. चौकशी झाली, पण कोणीच दोषी ठरला नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. मीही मुलाच्या अंगावर ओरडलो तेव्हा दोष त्याच्याकडे होता. सुटलेल्या धाग्याची जुनी चादर तिथे मी टाकली होती, हे मला ओट्यावर बसल्यावर सुचले.

मुलगा आतून बाहेर आला. मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं. मी तुला तसं बोलायला नको होतं. तुझ्या बहिणीसमोर तर मुळीच नको होतं." तो काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "फादर, काठी जुळली का?" तीन आठवडे त्याला काठीची काळजी होती. मला त्याची काळजी वाटायला तीन आठवडे लागले.

मग असे छंद व्यर्थच का? तसे मला म्हणायचे नाही. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमध्ये हजारो फ्रेंच सैनिक आणि खलाशी युद्धकैदी होते. नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली त्यांच्यासाठी मोठी छावणी उभी राहिली. जेवणातल्या मांसाची उरलेली हाडे ते उकळून स्वच्छ करत आणि त्यांतून नखाएवढ्या तोफांसह अख्खी जहाजे घडवत. त्यांची कामे पीटरबरोच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. त्यांच्याकडे सूचनांचे पुस्तक नव्हते आणि आपले सोसणे कधी संपेल हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी सोसता सोसता जहाज घडवले. मी जहाज घडवले की सोसणे आपोआप येईल, असे समजत होतो. हातांचे काम मनाला आधार देते, यात शंका नाही. पण जे मनात नाही ते हात निर्माण करून देत नाहीत. माणसांशी धीराने वागणे माणसांतच शिकावे लागते. त्याला सोपा सराव नाही.

जहाजांचा आणि देवळांचा संबंध जुना आहे. युरोपीय भाषांत देवळाच्या मधल्या मोठ्या भागाला लॅटिनमधल्या जहाजाच्या शब्दावरूनच नाव पडले आहे. मार्सेय शहराच्या टेकडीवरील आपल्या मातेच्या देवळात आणि डेन्मार्कमधल्या अनेक देवळांत छताला छोटी लाकडी जहाजे टांगलेली आहेत. वादळातून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी यांतली अनेक जहाजे कृतज्ञतेने अर्पण केली. पूर्वी मला वाटायचे, ती जहाजांची आठवण आहे. आता वाटते, ती घरी परत आलेल्या माणसांची आठवण आहे. त्या आजीला हे सांगितले असते, तर तिला त्यात नवे काही वाटले नसते.

ज्या भगिनींना मी दाखल्यासाठी परत पाठवले त्यांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "फादर, जहाज झालं का पुरं?" आपली माणसे आपल्या धर्मगुरूंशी किती सोशिकपणे वागतात, हा खरे तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जहाज अजून अपुरे आहे. मुलगा पुन्हा शनिवारी येतो, बहिणीलाही आणतो. दुसऱ्या डोलकाठीच्या शिडीच्या गाठी तोच बांधतो आहे. त्या सारख्या येत नाहीत, एक वर जाते, एक खाली. परवा मी एक गाठ सोडून नीट बांधायला हात पुढे केला आणि मागे घेतला. खोटे कशाला बोलू, हात मागे घ्यायला मला बरेच जड गेले. चादर काढून टाकली आहे. कार्यालयात आलात तर जहाज जरूर पाहा, हात लावलात तरी चालेल. एखादी काठी मोडलीच तर चाळीस मिनिटांचे काम आहे. आणि कार्यालयाच्या वेळेत मी मागच्या खोलीत दिसलो, तर बेधडक हाक मारा.

तुमचा,
धर्मगुरू